स्वप्नाला गाव असते काय?

श्रोतेहो, शाळेच्या फळ्यासमोर उभे राहून मी छत्तीस वर्षे बोललो. परंतु आज ज्या विषयावर बोलणार आहे तो माझ्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हता. विषय आहे एका इंग्रज रॉक वाद्यवृंदाच्या चित्रगीताचा. मुलांची कविता आणि त्रैराशिक सोडून हा मॅट्रिक मास्तर या भानगडीत कोठे पडला, असे आपल्यापैकी कोणी मनात म्हणाल तर ते मला गैर वाटणार नाही. परंतु या चित्रगीताचा एक धागा आमच्या पालघर जिल्ह्यातील वसईच्या किल्ल्यात गुंतलेला आहे. आणि दुसरा, पुढे सांगेन त्या कारणाने, माझ्या स्वतःच्या एका अपराधात. म्हणून हे धाडस.

प्रसंग असा घडला. २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्ले नावाच्या वाद्यवृंदाचे तीन जलसे नवी मुंबईत डी. वाय. पाटील क्रीडागारात झाले. माझा पुतण्या तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस आहे. तो त्यांपैकी एका जलशास जाऊन आला आणि पुढे दोन-तीन दिवस आमच्या बोईसरच्या घरात दुसरा विषयच राहिला नाही. एके रात्री जेवणे आटोपल्यावर त्याने संचावर त्यांचे एक गीत लाविले. 'काका, हे नीट बघा. यात आपली वसई आहे,' असे तो म्हणाला. वसई म्हटल्यावर मीही चष्मा पुसून पुढे सरसावलो.

गीताचे नाव 'हिम् फॉर द वीकएंड'. मराठीत सांगावयाचे तर 'आठवड्याअखेरीचे स्तोत्र'. बेन मोर या दिग्दर्शकाने ते चित्रित केले. चित्रण २०१५ साली झाले आणि २९ जानेवारी २०१६ रोजी ते प्रसिद्ध झाले. आजवर ते शंभर कोटींहून अधिक वेळा पाहिले गेले आहे. चित्रणासाठी ही मंडळी मुंबईच्या वरळी गावात हिंडली, तशीच वसईच्या किल्ल्यातही आली.

आता ते आहे कसे, हे आकाशवाणीवरून सांगणे म्हणजे आंधळ्याला मोर दाखविण्यासारखेच. तरी प्रयत्न करितो. एक मोर पुरातन भग्न वास्तूवरून झेपावतो. भगवी वस्त्रे ल्यालेले साधू दिसतात. त्यांतला एखादा जमिनीपासून अधांतरी तरंगतो. अंगाला निळा रंग फासलेली, देवांची सोंगे घेतलेली मुले गल्लीबोळांतून धावतात. कोणी मुखातून अग्नी फुंकतो. रंगांची उधळण अशी की, आकाश आणि भिंत यांतला भेदच उरू नये. या सर्वांतून गायक ख्रिस मार्टिन हा परदेशी प्रवासी भटकत राहतो. शेवटी तो एका जुन्या चित्रपटगृहात शिरतो. तेथे पडद्यावर, 'राणी' नावाच्या चित्रपटातील नायिका म्हणून, अलंकारांनी मढलेली, हातांवर मेंदी रेखलेली अमेरिकन गायिका बियॉन्से अवतरते. आपल्याकडील सोनम कपूरही क्षणभर चमकून जाते. कथा अशी नाहीच. एका चित्रातून दुसरे चित्र उमलते. जसे स्वप्नात होते तसे.

गीत संपले आणि घरात वाद पेटला. पुतण्या म्हणाला, 'काय सुंदर दाखविले आहे! सबंध जगाने आपला किल्ला पाहिला.' माझी नात अकरावीत आहे. ती उसळून म्हणाली, 'किल्ला पाहिला, पण वसई म्हणून कोणी पाहिला? साधू, मोर, अग्नी आणि रंग. परदेशी माणसाला आपल्या देशात दुसरे काही दिसतच नाही का? आणि त्या बाईने आपला शृंगार भाड्याच्या पोशाखासारखा अंगावर चढवावा?' हा वाद आमच्याच घरी प्रथम झाला असे नव्हे. २०१६ साली चित्रगीत निघताच येथील आणि परदेशातील वृत्तपत्रांत नेमका हाच खल झाला होता. एक पक्ष म्हणे, ही आपल्या संस्कृतीची उसनवारी, किंबहुना वाटमारी आहे. दुसरा पक्ष म्हणे, आपले हिंदी चित्रपट तरी याहून निराळे काय दाखवितात? दोघांनीही माझ्याकडे पाहिले. मास्तर म्हणजे निकाल देणारा, ही समजूत घरात अजून शिल्लक आहे. मी मात्र त्या रात्री निकाल राखून ठेविला.

श्रोतेहो, प्रथम एक गोष्ट बाजूस सारू. 'हे खरे नाही' एवढाच जर आक्षेप असेल, तर तो टिकणारा नाही. स्वप्नचित्राला वास्तवाचे माप लावता येत नाही. युरोपात १९२४ साली आंद्रे ब्रेतों याने अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढिला आणि स्वप्नाची संगती हीच खरी संगती असा पुकारा केला. परंतु आपणांस त्यासाठी पॅरिसला जावयास नको. आपल्याकडे ज्ञानदेवांच्या नावाने एक रचना गायिली जाते. तीत काट्याच्या टोकावर तीन गावे वसतात. त्यांतली दोन ओसाड, आणि तिसरे वसलेलेच नाही! मुक्ताबाईंच्या नावावरील एका अभंगात मुंगीसारखा क्षुद्र जीव प्रत्यक्ष सूर्याला गिळून टाकितो. नाथांच्या भारुडांतील सोंगे आठवा. तेथे विंचू चावतो, भूत लागते आणि सासर-माहेरच्या तक्रारी चालतात. त्यांतले काहीही दिसते तेवढेच नसते. खेड्यापाड्यांतील निरक्षर श्रोते रात्र-रात्र जागून हे ऐकत आले आणि कोणीही उठून 'मुंगी सूर्य कशी गिळील?' असे विचारले नाही.

का विचारले नाही? कारण त्या कुलपाची किल्ली गाणाऱ्याजवळ होती आणि ऐकणाऱ्यालाही तिचा ठाव होता. कीर्तनकार अभंग म्हणे आणि मग तो उलगडून दाखवी. विलक्षण प्रतिमा आणि तिचा अर्थ यांमध्ये एक वाट होती. ती अवघड असेल, पण ती होती. स्वप्नचित्राची खरी परीक्षा मला येथे दिसते. ते किती विचित्र आहे हा प्रश्न नाही. आत शिरावयास वाट आहे की नाही, हा प्रश्न आहे.

या कसोटीवर आपले चित्रगीत कसे उतरते? गीताचा भाव साधा आहे. कोणी एक देवदूतासारखी व्यक्ती आयुष्यात येते, थकलेल्या मनाला उठविते आणि जग पुन्हा रंगीत होते. मूळ कल्पना पानगृहातील मौजेच्या गाण्याची होती; सोबत्यांना ती रुचली नाही आणि गीत देवदूताकडे वळले, असे खुद्द गायकाने सांगितले आहे. म्हणजे मद्यावरून स्तोत्रावर! आपल्या रामजोशींसारख्या शाहिरांनीही लावणीवरून कीर्तनाकडे वळण घेतले होते, तेव्हा या वळणाला आपण नाके मुरडू नयेत.

पुतण्याने आपल्या पक्षाचा एक मुद्दा चांगला मांडला. तो म्हणाला, 'काका, शेवटी तो गायक कोठे बसतो? चित्रपटगृहात! म्हणजे तो स्वतःच कबूल करतो की, मी पाहतो आहे तो भारत नव्हे, भारताचा चित्रपट आहे.' हा अर्थ खरोखर लागतो. पडद्यावरची राणी हे प्रवाशाचे स्वप्न आहे आणि प्रवासी तिकीट काढून ते पाहत आहे. चित्रकर्त्याच्या मनात हे होते की नव्हते, ते तो जाणे. परंतु चित्रात हे आहे, आणि एवढे श्रेय मी त्यास देतो. डोळ्यांना होणारा आनंदही खोटा नाही. मुले धावतात ती मनापासून धावतात. रंग उडतो तेव्हा आपलेही मन उडते.

तरीही नातीचा प्रश्न मागे उरलाच, 'वसई म्हणून कोणी पाहिली?' एका रविवारी मी तिला म्हणालो, 'चल, आपणच पाहून येऊ.' डहाणूकडून येणारी लोकल पकडून आम्ही दोघे निघालो आणि वसई रोडला उतरून किल्ल्याकडे गेलो.

श्रोतेहो, वसईचा किल्ला ज्यांनी पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे की, तेथे स्वप्न पडण्यास कॅमेऱ्याची गरज नाही. छप्पर उडालेली ख्रिस्तमंदिरे, कमानींतून आत आलेली वडा-पिंपळांची मुळे, भिंतींपलीकडे चिमाजी अप्पांचे स्मारक, नागेश्वराचे देऊळ, आणि त्याही पलीकडे खाडीवर मचव्यांची वर्दळ. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. त्याच सुमारास पैठणास नाथांचे बालपण चालू होते. दोनशे वर्षांनी, १७३९ च्या मे महिन्यात, चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला घेतला. १७८० मध्ये तो इंग्रजांनी जिंकिला. जवळच पाचूबंदरच्या कोळ्यांची वस्ती. वसईच्या वाड्यांत केळीच्या बागा. तेथली सुकेळी ज्याने खाल्ली तो विसरणार नाही. कोळी, वाडवळ, सामवेदी, ख्रिस्ती, मुसलमान अशा कितीतरी बोली एका बाजारात ऐकू येतात. चित्रगीतात यांतले काय आले? भिंती आल्या. रंगही आले, पण आमच्या मराठी मुलखात होळीची रात्र वेगळी, दुसऱ्या दिवसाची धूळवड वेगळी, आणि रंगांचा मान रंगपंचमीचा. तेथे मात्र कोणत्याही गावाची नसलेली, बारमाही होळी आली.

नात विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहू लागली. तेवढ्यात समोरच्या कमानीखाली एक विवाहोत्सुक जोडपे दिसले. वधूचा पायघोळ झगा भुईवर पसरलेला आणि छायाचित्रकार ओरडत होता, 'वर बघा, हसा!' पलीकडच्या कमानीत दुसरे जोडपे, तिसऱ्या कोनाड्यात तिसरे. विवाहपूर्व छायाचित्रांसाठी हा किल्ला आता सर्वांच्या आवडीचा झाला आहे. मी म्हणालो, 'बाळ, हे तर परदेशी नव्हेत ना? यांतल्या कितीजणांनी या कमानीचे नाव विचारले असेल?' खाडीच्या कडेला बोंबील वाळत घालणाऱ्या एका बाईला आम्ही त्या गीताविषयी विचारले. तिला त्या गीताची वार्ताही नव्हती. शूटिंगवाले नेहमीच येतात, माणसांना बाजूस व्हा म्हणतात आणि जातात, एवढे मात्र तिने सांगितले. हिंदी चित्रपटांतील प्रेमगीते आणि मारामाऱ्या येथे कित्येक वर्षे चित्रित होत आल्या आहेत. तेव्हा गावाला निनावी करण्याचा दोष एकट्या त्या इंग्रजांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

परतीच्या वाटेवर आमचे बोलणे उसनवारीवर आले. दुसऱ्याचे घेणेच वाईट, असे नातीचे मत होते. मी तिला वसईच्या घंटांची गोष्ट सांगितली. विजयानंतर मराठ्यांनी येथल्या ख्रिस्तमंदिरांतील घंटा नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील आणि भीमाशंकराची घंटा वसईची म्हणून सांगतात. ती लूट होती, हे लपविण्यात अर्थ नाही. ख्रिस्ताच्या प्रार्थनेसाठी ओतलेले धातू महादेवाच्या दारी वाजू लागले. याहून विलक्षण स्वप्नचित्र कोणते? परंतु एक गोष्ट ध्यानात घ्या. पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी लोक तिला वसईची घंटा म्हणतात. वस्तू गेली, पण गावाचे नाव तिच्याबरोबर गेले. घेणे-देणे तर जगात चालणारच. जे घेतले त्याचे गाव पुसून टाकणे, हा मला खरा अपराध वाटतो.

आणि हे वाक्य तोंडातून निघाले तेव्हा मला माझी स्वतःची गोष्ट आठवली. ती गाडीत नातीला सांगितली. आज आपणांसही सांगतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी डहाणूकडच्या एका पाड्यावरील शाळेत होतो. वर्गात बहुतेक मुले वारली समाजाची. एकदा मी इतिहासाचा धडा सांगत होतो. योगायोग असा की, तो वसईच्या मोहिमेचाच होता. मागच्या रांगेतील एक मुलगा पाटीवर मान घालून काही गिरवीत होता. मी जाऊन पाहिले. एक चौकट, तिच्या चारी बाजूंना दातेरी नक्षी, मध्ये काड्यांच्या हातापायांची एक आकृती, कडेला घोडा, शिडी, फणी, सूर्य आणि चंद्र. मला त्यात काही संगती दिसेना. 'हे काय वेडेविद्रे काढिलेस? याला अर्थ तरी आहे काय?' असे म्हणून मी ओल्या फडक्याने ती पाटी पुसून टाकिली. मुलगा काही बोलला नाही. मी धडा पुढे चालू केला.

काही वर्षांनी दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या लग्नास त्याच भागातील एका पाड्यावर जाण्याचा योग आला. घरात शिरलो आणि भिंतीसमोर थबकलो. गेरूने सारविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखलेला लग्नाचा चौक होता. तीच चौकट, तीच दातेरी नक्षी, तीच शिडी, फणी, सूर्य, चंद्र आणि घोडा. मधोमध पालघट देवी. सवाशिणींनी तो रेखला होता आणि धवलेरी गाणे म्हणत होती. चौक रेखल्यावाचून लग्न लागत नाही, असे मला तेथे सांगण्यात आले. ज्याला मी वेडेविद्रे म्हटले होते, त्यातील एकेका रेषेला जागा होती, नाव होते, काम होते. किल्ली त्या वर्गातल्या प्रत्येक पोराजवळ होती. नव्हती ती एकट्या मास्तरांजवळ. आणि मास्तरांनी विचारलेला प्रश्न हा प्रश्न नव्हताच. ती शिक्षा होती.

आज तीच चित्रे जगभर गेली आहेत. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर कागद घेऊन आले. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी भिंतीवरची कला कागदावर आणि कापडावर उतरविली. पॅरिसला १९८९ साली भरलेल्या एका मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते वारले. ही चित्रे परदेशी गेली, पण त्यांच्याबरोबर मशे यांचे नाव गेले, वारली हे नाव गेले. उलट तुमच्या-आमच्या दिवाणखान्यांतील पडद्यांवर आणि चहाच्या पेल्यांवर जी काड्यांची माणसे फेर धरून नाचतात, त्यांच्या मध्यभागी तारपा वाजविणारा कोण, हे आपण कधी विचारतो काय? वाटमारीचा आरोप करणाऱ्या सुशिक्षित घरांनी हा प्रश्न स्वतःस अवश्य विचारावा. माझ्या घरीही असे पेले आहेत.

आता राखून ठेविलेला निकाल सांगतो. चित्रगीत सुंदर आहे, हे मी मान्य करितो. अर्थशून्यही ते नाही. थकल्या माणसाला रंगांनी उठवावे हा त्याचा अर्थ, आणि चित्रपटगृहातील त्याची ती कबुली मला आवडली. परंतु त्यातील मुले, साधू आणि भिंती यांना त्या स्वप्नात स्वतःचे असे काही म्हणावयाचे नाही. स्वप्न सर्वस्वी पाहुण्याचे आहे. यजमान फक्त रंग उडवितात. भारुडातील विंचू काढून त्या जागी सर्प घातला तर भारुड मोडते. वारली चौकातून देवी उचलली तर लग्न अडते. या चित्रगीतातून वसई काढून दुसरा कोणताही पडका किल्ला बसविला, तरी त्याचे काही अडत नाही. ही त्याची उणीव आहे. ती द्वेषातून आलेली नाही, घाईतून आलेली आहे. आणि तशीच घाई मीही एकदा केली होती.

गाडी पालघर सोडून पुढे निघाली होती. नातीने सर्व ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, 'आजोबा, त्या मुलाचे नाव काय होते?'

श्रोतेहो, मला ते आठवले नाही. त्या दिवशीचा धडा आठवतो, सनावळी आठवते, पाटीवरील फणीचे दातसुद्धा आठवतात. नाव आठवत नाही. त्या शाळेच्या हजेरीपटात ते कोठेतरी असेल. या उन्हाळ्यात नातीला घेऊन त्या पाड्यावर जाण्याचे ठरविले आहे. तो मुलगा आता पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ असेल. भेटला, तर पुसलेल्या पाटीचा अर्थ मला त्याच्याकडून ऐकावयाचा आहे. या वेळी मात्र प्रश्न म्हणून विचारून.